सोन मीचा वैमानिक

वीरकथेचा एक ठरीव साचा आपल्या मनात लहानपणापासून तयार झालेला असतो. समोर शत्रू, पाठीशी स्वपक्ष, आणि दोहोंच्या मध्ये प्राणांची पर्वा न करता उभा ठाकलेला एक पुरुष, असे ते चित्र. या चित्रातून शत्रू काढून घेतला तर पराक्रम उरतो काय, आणि उरल्यास तो कोणत्या मापाने मोजावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. इतिहासात मात्र असे प्रसंग क्वचित घडतात की, तेथे हा साचा पुरा पडत नाही. व्हिएतनामच्या युद्धात १६ मार्च १९६८ या दिवशी एका चोवीस वर्षांच्या अमेरिकन हेलिकॉप्टर वैमानिकाने जे केले, ते या जातीचे होय. त्याच्यासमोर बंदुका घेऊन उभे होते ते त्याच्याच सैन्यातील शिपाई. आणि त्याच्या पाठीशी होती ती शत्रूची म्हणून गणलेल्या एका खेड्यातील म्हातारी माणसे आणि बायकामुले. त्या वैमानिकाचे नाव ह्यू टॉम्प्सन. त्याची हकीकत, आणि त्या हकीकतीला इतिहासात जागा मिळण्यास तीस वर्षे का लागली याची हकीकत, अशा दोन्ही एकत्र सांगण्याचे आम्ही योजिले आहे. कारण पहिली दुसरीवाचून नीट समजत नाही.

व्हिएतनाम हा देश आम्हां भारतीयांस अगदीच परका नाही. १९५४ च्या जिनीव्हा परिषदेनंतर फ्रेंचांची सत्ता तेथून उठली, सतराव्या अक्षांशाच्या सुमारास देशाची तात्पुरती विभागणी झाली, आणि शस्त्रसंधीवर देखरेख करण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला त्याचे अध्यक्षपद भारताकडे आले. कॅनडा आणि पोलंड हे त्याचे दुसरे दोन सदस्य. तात्पुरती म्हणून केलेली विभागणी तशी राहिली नाही. १९५६ साली व्हावयाच्या निवडणुका झाल्याच नाहीत, दक्षिणेत बंडाचा वणवा पेटला, आणि १९६५ पासून अमेरिकेच्या लढाऊ पलटणी तेथे उतरू लागल्या. १९६८ च्या आरंभी त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात पोहोचली होती.

हे युद्ध आघाडीचे नव्हते. शत्रू गणवेषात समोर येत नसे. तो गावातून उठे आणि गावातच विरून जाई. गनिमी काव्याचे युद्ध म्हणजे काय, हे मराठी वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. अशा युद्धात जिंकलेली भूमी दाखविता येत नाही, कारण सकाळी जिंकलेली भूमी रात्री पुन्हा गनिमाची होते. म्हणून अमेरिकन सेनापतींनी यशाचे एक वेगळे माप ठरविले होते. शत्रूची किती प्रेते मोजली, हा आकडा रोज वर जाई, आणि त्यावरून तुकडीची कर्तबगारी ठरे. मेलेला माणूस कोण होता, हे प्रेत सांगत नाही. सांगतो तो मोजणारा. पुढे जे घडले त्याचे एक मूळ या मापात आहे.

भातखाचरे, नद्या, झाडी आणि दलदल यांनी भरलेल्या त्या मुलखात रस्ते थोडे आणि तेही सुरुंगांनी पेरलेले. तेव्हा जे काम पूर्वीच्या लढायांत घोड्याने केले, ते येथे हेलिकॉप्टरवर पडले. सैनिकांना रणात उतरविणे, जखमींना उचलून आणणे, दारूगोळा पोहोचविणे, वरून मारा करणे, ही सारी कामे त्याची. यांत सर्वांत लहान आणि सर्वांत धोक्याचे काम टेहळणी हेलिकॉप्टरचे असे. काचेच्या बुडबुड्यासारखे पुढचे तोंड असलेले आणि जेमतेम तिघांना पुरणारे ‘ओएच-२३’ जातीचे ते यंत्र झाडांच्या शेंड्यांना लागून उडे. शत्रूला गोळी झाडण्याचा मोह पडावा आणि त्या गोळीवरून त्याचा ठिकाणा मागून येणाऱ्या सशस्त्र हेलिकॉप्टरांना कळावा, असा त्यातला डाव. स्पष्ट बोलावयाचे तर ते एक आमिष होते. ह्यू टॉम्प्सन हा अशा आमिषाचा सारथी होता.

टॉम्प्सनचा जन्म १५ एप्रिल १९४३ चा, अटलांटा शहरातला. बालपण गेले ते जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन या गावी. १९६१ पासून तीन वर्षे त्याने आरमाराच्या बांधकाम दलात काढली. मग घरी परतून अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय केला. आणि १९६६ मध्ये पुन्हा, या वेळी भूसेनेत, वैमानिक होण्यासाठी नाव नोंदविले. १९६७ च्या अखेरीस तो व्हिएतनामला आला. हुद्दा वॉरंट ऑफिसरचा. म्हणजे शिपायाहून वर, पण लेफ्टनंटाच्या खाली. त्याच्यासोबत उडणारे दोघे त्याच्याहूनही लहान होते. यंत्राची देखभाल पाहणारा ग्लेन अँड्रियोटा वीस वर्षांचा, आणि दारातल्या मशीनगनवर बसणारा लॉरेन्स कोलबर्न अवघा अठरा वर्षांचा. युद्धाला त्यांचा विरोध नव्हता. ते लढण्यासाठी आलेले होते, आणि त्या सकाळी निघाले तेही आपल्या पायदळाच्या रक्षणासाठी. हे ध्यानात ठेवले पाहिजे. कारण या तिघांना शांततावादी ठरवून त्यांचे कृत्य सोपे करून टाकण्याचा मोह आपणास होऊ शकतो.

क्वांग न्गाई प्रांतात समुद्रकिनाऱ्याजवळ सोन मी नावाचे एक मोठे गाव आहे. त्याच्या अनेक वाड्यांपैकी एकीला अमेरिकन नकाशात ‘माय लाई ४’ असे नाव होते, आणि त्याच नावाने ती पुढे जगभर कुप्रसिद्ध झाली. गनिमांची ४८ वी बटालियन तेथे मुक्काम करून आहे, आणि सकाळी सात वाजेपर्यंत गावकरी बाजारास गेलेले असतील, अशी खबर सेनाधिकाऱ्यांनी खरी मानली. मोहिमेवर निघालेल्या चार्ली कंपनीची माणसे आधीच्या काही आठवड्यांत सुरुंगांनी आणि सापळ्यांनी मेली व जायबंदी झाली होती. उलट वार करावा असा शत्रू मात्र एकदाही समोर आलेला नव्हता. उद्या तो भेटणार, असे आदल्या संध्याकाळी कॅप्टन अर्नेस्ट मेडिना याने त्यांना सांगितले.

१६ मार्चच्या सकाळी तोफांचा मारा झाला आणि साडेसातच्या सुमारास हेलिकॉप्टरांतून कंपनी शेतांत उतरली. खबर खोटी होती. गावात बटालियन नव्हती, गावकरी मात्र होते. समोरून प्रतिकार झाला नाही. त्या दिवशी कंपनीचा एकच शिपाई जखमी झाला, तोही स्वतःच्याच पिस्तुलाच्या गोळीने पायाला. तरीही घरे पेटली, विहिरी नासविल्या गेल्या, स्त्रियांवर अत्याचार झाले, आणि सापडेल त्या माणसाला ठार मारण्यात आले. मृतांची संख्या अमेरिकन सेनेच्या पुढच्या चौकशीत ३४७ धरली गेली. सोन मी येथील स्मारकावर ५०४ नावे आहेत. त्यांत तान्ही मुले आहेत.

टॉम्प्सनने हे सारे वरून पाहिले. पण जे दिसत होते त्याचा अर्थ त्याला एकदम लागला नाही, आणि ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. प्रथम रस्त्यावर आणि शेतांत काही जखमी माणसे त्याच्या दृष्टीस पडली. नेमाप्रमाणे त्याने त्यांच्याजवळ हिरव्या धुराच्या नळ्या टाकल्या आणि येथे औषधोपचाराची गरज आहे असे बिनतारीवरून कळविले. तेल भरून तो परत आला तेव्हा ती माणसे मेलेली होती. एका जखमी स्त्रीजवळ असाच धूर सोडून ते तिघे अगदी कमी उंचीवर तरंगत राहिले. एक कॅप्टन चालत आला, त्याने तिला पायाने डिवचले, आणि मागे सरून गोळी घातली. तो कॅप्टन मेडिना होता. तिच्या हातात बाँब असावा असे आपणांस वाटले, असे त्याने पुढे सांगितले, आणि १९७१ च्या लष्करी न्यायालयात तो निर्दोष सुटला. परंतु हेलिकॉप्टरमधल्या तिघांनी जे पाहिले ते काही हातांच्या अंतरावरून पाहिले होते. मदतीसाठी आपण केलेली खूण मारेकऱ्यांना वाट दाखवीत आहे, हे त्यांच्या लक्षात येऊ लागले.

गावाच्या पूर्वेस पाण्याची एक चर होती. ती प्रेतांनी भरलेली होती, आणि काही देह अजून हलत होते. टॉम्प्सनने मनातल्या मनात कारणे शोधून पाहिली. ही माणसे तोफांच्या माऱ्यात सापडली असतील काय? पण तोफांच्या भीतीने पळणारी माणसे शिस्तीने एका चरीत जाऊन मरत नाहीत. आपल्याच लोकांनी हे केले हा एकच अर्थ उरला, आणि तो मानावयास मन धजेना. त्याने हेलिकॉप्टर खाली उतरविले. तेथल्या सार्जंटला त्याने विचारले, या माणसांना काही मदत करता येईल काय? त्यांची यातनांतून सुटका करणे हीच मदत, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. मग लेफ्टनंट विल्यम कॅली आला. हे काय चालले आहे, असे टॉम्प्सनने विचारता आपण हुकूम पाळीत आहो, येथला अधिकारी आपण आहो, तू आपल्या कामाचे पाहा, असे त्याला सुनावण्यात आले. कॅली हुद्द्याने वरचा. टॉम्प्सन माघारी वळला. हेलिकॉप्टर उचलले जाताच अँड्रियोटा ओरडला, की ते पुन्हा चरीत गोळ्या घालीत आहेत.

येथपर्यंतचा टॉम्प्सन हा एक सज्जन, व्याकुळ झालेला, पण नियमांच्या आत राहिलेला सैनिक आहे. त्याने खुणा केल्या, संदेश पाठविले, प्रश्न विचारले, वरिष्ठाने दटावताच तो बाजूला झाला. येथेच तो थांबला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु पुढल्या काही मिनिटांत गावाच्या ईशान्येस त्याला दिसले की, काही गावकरी एका मातीच्या भुयारी आसऱ्याकडे धावत आहेत आणि दुसऱ्या प्लाटूनचे शिपाई त्यांच्या मागे येत आहेत. आता संदेशांना वेळ नव्हता. आपण काही केले नाही तर ही माणसे अर्ध्या मिनिटात मरतील, एवढे त्याला उमगले. त्याने आपले यंत्र शिपाई आणि आसरा यांच्या मधोमध जमिनीवर टेकविले.

उतरण्यापूर्वी त्याने आपल्या दोघा सोबत्यांना सांगितले की, मी या लोकांना बाहेर काढीत असता जर अमेरिकन शिपायांनी त्यांच्यावर वा माझ्यावर गोळी झाडली, तर तुम्ही त्या शिपायांवर गोळ्या चालवा. अँड्रियोटा आणि कोलबर्न यांनी ते मान्य केले. या आज्ञेचा अर्थ काय होतो, हे प्रत्येक सैनिक जाणतो. स्वतःच्या सेनेवर शस्त्र रोखणे हा लष्करी कायद्यात देहदंडापर्यंत नेणारा अपराध. स्वतः टॉम्प्सन मात्र बंदूक न रोखता खाली उतरला आणि त्या प्लाटूनच्या लेफ्टनंटाकडे चालत गेला. या लोकांना बाहेर कसे काढता येईल, या त्याच्या प्रश्नावर लेफ्टनंटाने हातबाँबचा उपाय सांगितला. तुमची माणसे येथेच थोपवून धरा, याहून बरा उपाय मी करून पाहतो, असे टॉम्प्सनने उत्तर दिले; आणि पाठ फिरवून तो आसऱ्याकडे गेला.

त्याला त्यांची भाषा येत नव्हती. हातांच्या खुणांनी त्याने एकेकाला बाहेर बोलाविले. एक स्त्री आली, मग एक म्हातारा, मग मुले. अशी दहाच्या आसपास माणसे त्याच्याभोवती उभी राहिली. त्याच्या यंत्रात त्यांना जागा नव्हती. तेव्हा वर घिरट्या घालणाऱ्या सशस्त्र हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना त्याने विनंती केली की, खाली उतरा आणि यांना घेऊन जा. तसले हेलिकॉप्टर रणभूमीवर उतरविणे म्हणजे स्वतःला निशाण करून ठेवणे. लढाईत तसे कोणी करीत नसे. तथापि डॅन मिलियन्स या वैमानिकाने ते उतरविले, आणि दोन खेपांत त्या सर्वांना सुरक्षित जागी नेले. ती मंडळी जाईपर्यंत टॉम्प्सन त्यांच्या आणि बंदुकांच्या मध्ये उभा होता. कोणीही गोळी झाडली नाही.

परतताना ते पुन्हा त्या चरीवरून गेले. अँड्रियोटाला काही तरी हलताना दिसले. तिसऱ्यांदा ते खाली उतरले. अँड्रियोटा कमरेइतक्या प्रेतांतून चालत गेला आणि एका लहान मुलाला उचलून घेऊन आला. मूल रक्ताने माखलेले होते, पण ते रक्त त्याचे नव्हते. क्वांग न्गाईच्या इस्पितळात त्यांनी त्याला पोहोचविले. तळावर येताच टॉम्प्सनने आपल्या वरिष्ठांपुढे जे पाहिले ते संतापाने आणि स्पष्ट शब्दांत सांगितले. तो निरोप मोहिमेचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल फ्रँक बार्कर याच्यापर्यंत गेला, आणि कंपनीला हत्या थांबविण्याचे कळविण्यात आले. म्हणजे त्या दहा माणसांखेरीज आणखी किती जीव या तक्रारीने वाचले, याची मोजदाद कोणत्याच यादीत सापडावयाची नाही.

या प्रसंगात एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्या सकाळी सोन मीच्या आकाशात टॉम्प्सनचे हेलिकॉप्टर एकटे नव्हते. मोहिमेचा प्रमुख बार्कर, ब्रिगेडचा अधिपती कर्नल ओरन हेंडरसन, आणि खुद्द डिव्हिजनचा सेनापती मेजर जनरल सॅम्युएल कॉस्टर, हे तिघेही वेगवेगळ्या वेळी आपापल्या हेलिकॉप्टरांतून त्याच गावावर वेगवेगळ्या उंचीवर फिरून गेले होते. जितका अधिकार मोठा तितकी उंची अधिक. वरून धूर दिसतो, घरे जळताना दिसतात, माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. टॉम्प्सनपाशी अधिकार नव्हता; त्याच्यापाशी होती ती जवळून पाहण्याची सक्ती, आणि पाहिलेले खरे मानण्याची तयारी. यंत्र तेच, आकाश तेच. फरक खाली उतरण्याचा होता.

आता कागदांची गोष्ट. आपल्याकडे राजवाड्यांपासून अस्सल कागदाचा महिमा इतिहासाच्या अभ्यासकांच्या अंगी मुरलेला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु सोन मीचे अस्सल कागद पाहा. त्या दिवशीच्या अहवालात लिहिले गेले की, १२८ शत्रू ठार झाले आणि ३ शस्त्रे हाती आली. टॉम्प्सनच्या तक्रारीवरून ज्या कर्नल हेंडरसनने चौकशी केली, त्याच्या एप्रिल १९६८ च्या अहवालात नमूद आहे की, तोफांच्या माऱ्यात आणि दुतर्फा गोळीबारात चुकून २० नागरिक मेले. खुद्द टॉम्प्सनला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे वैमानिकांचे मानाचे पदक मिळाले. त्याच्या प्रशस्तिलेखात म्हटले होते की, दोन्ही बाजूंच्या तुफान गोळीबारात सापडलेल्या एका मुलाला त्याने वाचविले. हे तिन्ही कागद अस्सल आहेत. त्यांवर शिक्के आहेत, सह्या आहेत, तारखा आहेत. आणि तिन्ही खोटे आहेत. ज्या गोळीबारात एकच बाजू बंदूक चालवीत होती, तो दुतर्फा कसा? केवळ हा प्रशस्तिलेख शिल्लक राहता तर टॉम्प्सन एक सामान्य वीर म्हणून नोंदला गेला असता, आणि सोन मीचे मृत कायमचे गाडले गेले असते. गौरवानेही सत्य झाकता येते, याचे याहून नेमके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. टॉम्प्सनने ते पदक फेकून दिले.

तरीही त्या पहिल्या कागदात सत्य अभावितपणे राहून गेले होते. मेलेले शत्रू १२८ आणि सापडलेली शस्त्रे ३! बाकीचे सव्वाशे जण लढले कशाने, हा प्रश्न कोणाही जाणत्या अधिकाऱ्यास पडावयास हवा होता. तो पडला नाही, कारण आकडा मोठा होता आणि मोठा आकडा सर्वांनाच हवा होता.

ग्लेन अँड्रियोटा त्यानंतर तीन आठवड्यांनी, ८ एप्रिल १९६८ रोजी, लढाईत मारला गेला. टॉम्प्सन उडत राहिला. पुढे त्याचे हेलिकॉप्टर पाडले गेले, त्याच्या पाठीचा कणा मोडला, आणि तो मायदेशी परतला. सोन मीची वार्ता एक वर्षभर दडून राहिली. रॉन रायडनआवर नावाच्या एका तरुण माजी सैनिकाने मित्रांच्या तोंडून ती ऐकली, आणि मार्च १९६९ मध्ये लोकप्रतिनिधींना व अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. नोव्हेंबर १९६९ मध्ये सेमूर हर्श या पत्रकाराने ती जगापुढे मांडली. त्याच महिन्यात सेनेचाच छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ली याने त्या दिवशी घेतलेली छायाचित्रे छापली गेली. लेफ्टनंट जनरल विल्यम पिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, आणि प्रकरण दाबण्यात डिव्हिजनपर्यंतच्या अधिकाऱ्यांचा हात होता, असे तिने १९७० मध्ये नोंदविले.

टॉम्प्सनने पाहिले ते साक्षीत सांगितले, आणि त्याचे फळ त्याला मिळाले. लोकसभागृहाच्या सेनाविषयक समितीपुढे त्याला अपराध्यासारखे उलट तपासण्यात आले. समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांचा सारा रोख या प्रकरणात कोणा अमेरिकन शिपायास शिक्षा होऊ नये, असा होता. आणि स्वकीयांवर शस्त्र रोखविणारा वैमानिकच त्यांच्या दृष्टीने दोषी होता. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. दूरध्वनीवरून मरणाच्या धमक्या येत. सकाळी दार उघडावे तो उंबऱ्याशी मेलेली जनावरे टाकलेली असत. दुसरीकडे, खटल्यांत दोषी ठरला तो एकटा कॅली. किमान २२ जणांच्या खुनाबद्दल मार्च १९७१ मध्ये त्याला जन्मठेप सुनावण्यात आली. पण अध्यक्ष निक्सन यांनी लगेच त्याला तुरुंगातून काढून त्याच्या घरी स्थानबद्ध ठेवण्यास सांगितले, आणि १९७४ मध्ये तो मोकळा झाला. लोकांची सहानुभूती कोणाकडे होती हे यावरून दिसते. गुन्हेगारास त्यांनी आपला मानले, आणि गुन्हा थांबविणाऱ्यास परका.

ही स्थिती पालटण्यास एका बाहेरच्या माणसाचा हट्ट कारणीभूत झाला. क्लेमसन विद्यापीठातील डेव्हिड ईगन या प्राध्यापकाने १९८९ मध्ये एका ब्रिटिश माहितीपटात टॉम्प्सनला बोलताना ऐकले, आणि त्या तिघांचा उचित सन्मान व्हावा म्हणून सरकारदरबारी पत्रांचा सपाटा लावला. ते काम वर्षानुवर्षे चालले. शेवटी सेना पदक देण्यास तयार झाली, पण गाजावाजा न करता. टॉम्प्सनने ते नाकारले. द्यावयाचे तर तिघांनाही, आणि वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकापाशी सर्वांदेखत, अशी त्याची अट होती. ज्या काळ्या दगडी भिंतीवर युद्धात पडलेल्यांत अँड्रियोटाचेही नाव कोरलेले आहे, तेथे ६ मार्च १९९८ रोजी टॉम्प्सन आणि कोलबर्न यांना, व मरणोत्तर अँड्रियोटाला, ‘सोल्जर्स मेडल’ देण्यात आले. या वेळच्या प्रशस्तिलेखात अमेरिकन सैन्याने केलेल्या बेकायदा हत्याकांडाचा स्वच्छ उल्लेख होता. तीस वर्षांनी कागद खरा झाला.

या पदकाची जात ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे जसे परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे शत्रूसमोर गाजविलेल्या शौर्यासाठी, आणि अशोक, कीर्ति व शौर्य ही चक्रे शत्रूचा संबंध नसलेल्या शौर्यासाठी दिली जातात, तशीच विभागणी तिकडेही आहे. ‘सोल्जर्स मेडल’ हे दुसऱ्या वर्गातले, म्हणजे प्रत्यक्ष शत्रूशी झुंज नसताना दाखविलेल्या धैर्याचे पदक होय. भर युद्धात, दोन मशीनगन सज्ज ठेवून, सशस्त्र माणसांसमोर उभे राहून केलेल्या कृत्यास ‘येथे शत्रू नव्हता’ या सदरात बसवावे लागले. सेनेच्या लेखनिकाने हे केवळ नियम पाळून केले असेल. पण त्यात नकळत एक मोठे सत्य बोलले गेले. टॉम्प्सनला त्या शिपायांचा द्वेष नव्हता. त्यांचे रक्षण करावयासच तो त्या सकाळी उडाला होता. आणि आसऱ्यातील माणसे तर शत्रू नव्हतीच. त्या मैदानावर शत्रू कोणीच नव्हता, हे इतरांच्या आधी एकट्या त्याने ओळखले.

महाभारतातील सौप्तिकपर्व येथे आम्हांस आठवल्याखेरीज राहत नाही. झोपलेल्या पांडवशिबिरावर रात्री तुटून पडण्याचा बेत अश्वत्थाम्याने सांगितला तेव्हा कृपाचार्यांनी त्याला परोपरीने विनविले. हे अधर्माचे आहे, रात्र जाऊ दे, वडीलधाऱ्यांस विचारू, असे ते म्हणाले. त्यांचा विवेक जागा होता. परंतु अश्वत्थामा निघाला तसे तेही मागोमाग निघाले. आणि आत हत्या चालू असता कृतवर्म्यासह शिबिराच्या दाराशी उभे राहून, जीव घेऊन बाहेर पळणाऱ्यांना त्यांनी ठार केले. व्यासांनी येथे मनुष्यस्वभावाचा फार खोल ठाव घेतला आहे. अधर्म न कळणारे थोडे असतात. कळूनही स्वपक्षाच्या ओढीने दाराशी जाऊन उभे राहणारे पुष्कळ. सोन मीतही काही शिपायांनी गोळी झाडण्यास नकार दिला, काही रडले, काहींनी नजर वळविली. पण हत्या चालूच राहिली, कारण मध्ये कोणी आले नव्हते. कृपाचार्य आणि टॉम्प्सन दोघेही दाराशीच उभे होते. तोंडे मात्र विरुद्ध दिशांना होती.

१९९८ च्या मार्चमध्ये, हत्याकांडास तीस वर्षे झाली त्या दिवशी, टॉम्प्सन आणि कोलबर्न सोन मीला गेले. त्यांनी वाचविलेल्यांपैकी एका स्त्रीने टॉम्प्सनला विचारले की, ज्यांनी हे केले ते तुमच्याबरोबर का आले नाहीत? तो निरुत्तर झाला. तिने वाक्य पुरे केले, की ते आले असते तर आम्ही त्यांना क्षमा केली असती. ही गोष्ट टॉम्प्सन पुढे स्वतः सांगत असे, आणि तेवढे मोठे मन आपणांपाशी नाही, असे प्रांजळपणे म्हणत असे. उतारवयात त्याला अमेरिकेच्या लष्करी व नौदल प्रबोधिनींत तरुण छात्रांपुढे बोलावयास नेत. ज्या सेनेने त्याला एकेकाळी वाळीत टाकले, तीच आता सैनिकाचे कर्तव्य काय हे शिकविण्यासाठी त्याला बोलावीत होती. ६ जानेवारी २००६ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, लुइझियाना राज्यात कर्करोगाने त्याचा अंत झाला. त्या वेळी लॉरेन्स कोलबर्न त्याच्याजवळ होता. पुढे २०१६ मध्ये तोही गेला.

सोन मीत पाचशे माणसे मेली आणि टॉम्प्सनने वाचविली ती दहा-बारा. मग या पराक्रमाची थोरवी कितीशी, असे कोणी हिशेबी मनुष्य विचारील. पण आकड्यांच्या ज्या मापाने त्या सकाळी प्रेते मोजली गेली, तेच माप येथे लावणे म्हणजे त्या हत्याकांडाचाच न्याय मान्य करणे होय. प्रत्यक्ष पाहता, त्या दहाजणांच्या आयुष्यापुरती ती सकाळ निराळी ठरली. त्यांची मुलेबाळे आज त्या मुलखात नांदत असतील. आणि सैन्य म्हणून जी संस्था आहे तिलाही एक आधार मिळाला. हुकूम होता, राग होता, भीती होती, आजूबाजूचे सारे तेच करीत होते, ही चारही कारणे त्या तिघांपाशी होतीच. तरी त्यांनी तसे केले नाही. यापुढे कोणाही शिपायास, दुसरे काही करणे शक्यच नव्हते, असे म्हणता येणार नाही. ते शक्य होते. चोवीस, वीस आणि अठरा वर्षांच्या तीन पोरांनी ते करून दाखविले.